बाप आखातात, लेकरू गावात

साहित्याच्या व्याख्यानमालेत होमिओपॅथीच्या डॉक्टरला बोलावणे आले, तेव्हा आयोजकांची काही गफलत झाली असावी असे मला वाटले. मी कथा-कविता लिहिलेली नाही. पस्तीसेक वर्षे भैंशात दवाखाना चालवतो आणि लोकांचे ऐकतो. आमच्या शास्त्रात रोग्याचे ऐकणे हे निम्मे काम असते. जे ऐकले त्यातलेच थोडे सांगेन, असे कळवले आणि परिषदेने ते मान्य केले. बोलताना वेळेअभावी जे राहिले, ते या छापील मजकुरात घातले आहे. रोग्यांच्या खुणा बदलल्या आहेत. ज्या एका मुलाविषयी मी सविस्तर सांगणार आहे त्याची मी परवानगी घेतली आहे. तो आता मुलगा राहिलेला नाही.

२००६ चा मार्च असावा. एक आजी सात वर्षांच्या नातवाला घेऊन आली. तक्रार एकच. “लेकरू जेवतच नाही बघा डॉक्टरसाब. अर्ध्या भाकरीवर उठतंय.” मी नेहमीप्रमाणे विचारत गेलो. झोप कशी, तहान किती, घाम कुठे येतो, अंधाराची भीती वाटते का. मग घरात कोण कोण आहे, वडील काय करतात. “दुबईला असतो,” आजी म्हणाली. पोरगा तोवर खाली मान घालून बसला होता. त्याने मान वर केली आणि आजीला दुरुस्त केले, “दुबई नाही, शारजा.” मग माझ्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून म्हणाला, “तिथं आता सव्वाअकरा वाजले.”

माझ्या घड्याळात पाऊण वाजला होता. दुसरीतल्या मुलाला दीड तासाची वजाबाकी तोंडी येते याचे मला कौतुक वाटले. “हुशार आहे,” असे आजीला म्हणालो आणि भुकेसाठी औषध दिले. या मुलाकडे मी परत येणार आहे, कारण त्याच्या बाबतीत माझी चूक झाली.

आधी थोडे आमच्या गावाविषयी. भैंसा पुष्कळांनी फक्त नकाशात किंवा बासरच्या सरस्वतीला जाताना रस्त्यावरच्या पाटीवर पाहिले असेल. निजामाच्या काळात आणि त्यानंतरही १९५६ पर्यंत आम्ही नांदेड जिल्ह्यात होतो. राज्य पुनर्रचनेत मुधोळ, भैंसा, कुबीर हा भाग आदिलाबादला जोडला गेला, आणि २०१६ पासून आम्ही निर्मल जिल्ह्यात आहोत. माझ्या दवाखान्यात रोगी तक्रार मराठीत सांगतो, मध्येच बायकोशी तेलुगूत बोलतो आणि पैशाचा विषय निघाला की दक्खनीवर येतो. कापूस, सोयाबीन, जिनिंग आणि मोंढा यांवर गाव चालते. आणि गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षे ते आखातावरही चालते.

१९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखाती देशांत रस्ते, बंदरे, इमारती उभ्या राहू लागल्या, आणि त्यांना माणसे हवी झाली. केरळची माणसे गेली हे सर्वांना ठाऊक आहे. करीमनगर, जगित्याल, सिरसिल्ला, निजामाबाद, निर्मल या उत्तर तेलंगणाच्या पट्ट्यातूनही माणसे गेली आणि अजून जातात, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला फारसे माहीत नसते. आमच्याकडे मस्कत असो, कुवेत असो की रियाध, सगळ्याला “दुबई” म्हणतात. गवंडी, सेंटरिंगवाले, ड्रायव्हर, साफसफाई करणारे, आणि वाळवंटात मेंढ्या-उंट राखणारेही. दहावी न झालेल्या माणसाला १९८३ च्या कायद्याप्रमाणे हैदराबादच्या कार्यालयातून परवानगी घेऊन जावे लागते. पुष्कळ जण एजंटाच्या सांगण्यावरून व्हिजिट व्हिसावर जातात आणि मग अडकतात. करार बहुधा दोन वर्षांचा. जाण्यासाठी कर्ज काढावे लागते, शेकडा दोन-तीन रुपये महिना व्याजाने. त्यामुळे पहिले वर्ष-दीड वर्ष माणूस राबतो ते सावकारासाठी. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

मागे घरात राहतात म्हातारी माणसे, मांडीवर सूप घेऊन बिड्या वळणारी बायको आणि लेकरे.

साहित्याच्या मंडळींसमोर बोलायचे म्हणून मी विचार केला, की या लेकरांविषयी आपल्याकडे काय आहे? जात्यावरच्या ओव्यांत सासरी गेलेली लेक आहे, दूरदेशी राहिलेला भाऊ आहे. कोकणातल्या चाकरमान्याची बायको आहे, तिची मनिऑर्डर आहे. जाणाऱ्याचे दुःख आहे आणि वाट पाहणाऱ्या बाईचेही आहे. पण लहान मूल जात्यावर बसत नाही, त्यामुळे त्याची ओवी झाली नाही. आमच्या औषधशास्त्राचेही तेच आहे. केंटची रेपर्टरी आम्ही रोज उघडतो. तिचा पहिलाच भाग मनाच्या लक्षणांचा. त्यात घराच्या आठवणीने झुरणाऱ्यासाठी स्वतंत्र नोंद आहे, आणि तिच्याखाली कॅप्सिकम, फॉस्फोरिक ॲसिड अशी औषधे आहेत. म्हणजे जो घर सोडून गेला त्याची हुरहुर तिथे आहे. टाकून दिल्यासारखे वाटणाऱ्याचीही नोंद आहे. पण आमच्या लेकराला टाकून दिलेले नाही. बाप दर महिन्याला पैसे पाठवतो, दर शुक्रवारी फोन करतो, सुटीवर येताना चॉकलेट आणतो. त्या मुलाने तक्रार करावी तरी कशाची?

तक्रार शरीर करते. पोटदुखी, अंथरूण ओले होणे, नखे खाणे, रात्री दचकून उठणे, श्वास लागणे. सगळ्याच पोटदुख्या बापाच्या विरहाच्या नसतात. जंत असतात, दमाही असतो. अशा मुलांना मी बालरोगतज्ज्ञाकडे पाठवतो आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. पण काही वर्षांनी मी केसपेपरवर बाप केव्हा आला आणि केव्हा गेला त्याच्या तारखा लिहू लागलो, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. मुले आजारी पडत ती बाप गेल्यानंतरच नव्हे. सुटीचे शेवटचे आठ दिवस राहिले, लोणच्याच्या बरण्या बांधल्या जाऊ लागल्या, खोक्याला सुतळी गुंडाळली गेली, की ताप यायचा. एका आईने मला सांगितले, “सुतळी दिसली की पोरगं पांघरूण घेतं.”

युरोपात या विषयाकडे डॉक्टरांचे लक्ष वेधले ते युद्धाने. सप्टेंबर १९३९ मध्ये बॉम्बच्या भीतीने इंग्लंडच्या शहरांतून सुमारे १५ लाख माणसे, त्यांत बहुतेक मुले, काही दिवसांत खेड्यांकडे हलवली गेली. ॲना फ्रॉईड आणि डोरोथी बर्लिंगहॅम लंडनला अशा मुलांसाठी पाळणाघरे चालवत होत्या. आईजवळ राहून बॉम्बहल्ले पाहिलेल्या मुलांपेक्षा आईपासून दूर सुरक्षित ठेवलेली मुले अधिक खचतात, असे त्यांना दिसले. पुढे १९५२ मध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी आठ दिवस इस्पितळात राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचे चित्रीकरण केले. त्यांनी आणि जॉन बोल्बी यांनी अशा मुलांच्या वागण्यात तीन टप्पे सांगितले. आधी मूल आकांत करते, मग खिन्न होते, आणि शेवटी अलिप्त होते. तिसऱ्या टप्प्यात ते शांत दिसते, हसते, खेळते, आणि आई आली तरी तोंड फिरवते. त्या काळी इस्पितळातल्या परिचारिका म्हणत की मूल रुळले.

आमच्याकडे त्याला “शहाणं झालं” म्हणतात. आता रडत नाही, फोनसाठी हट्ट करत नाही, बाप निघाला तेव्हा दारात उभे राहून हात हलवला, लई शहाणं लेकरू. हे कौतुक ऐकले की हल्ली मी पेन खाली ठेवतो आणि त्या मुलाशी थोडा जास्त वेळ बोलतो. रडणाऱ्या मुलाची मला इतकी काळजी वाटत नाही.

आता त्या शारजावाल्याकडे येऊ. पंधरा दिवसांनी आजी त्याला परत घेऊन आली. फरक नव्हता. मी त्याला जवळच्या स्टुलावर बसवले. “पप्पांची आठवण येते का रे?” त्याने नाही म्हणून मान हलवली. तेव्हा मी जे म्हणालो ते आपल्यातला कुठलाही वडीलधारा माणूस म्हणाला असता. “अरे, पप्पा तुझ्यासाठीच तर गेलेत. तू नीट जेवलास, शिकलास, मोठा झालास की त्यांच्या कष्टाचं चीज होईल.” आजीने समाधानाने मान डोलावली. मलाही चार चांगले शब्द बोलल्यासारखे वाटले.

महिन्याने आजी एकटीच आली. आता तो नवी वही घेत नव्हता. जुन्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहीत होता. बापाने सायकलीसाठी पैसे पाठवले होते, ती विकून टाका म्हणाला. शाळेची सहल बासरला निघाली होती, त्याचे पन्नास रुपये त्याने घरात मागितलेच नाहीत. बाईंनी सांगितले तेव्हा कळले. मी त्याला घेऊन यायला सांगितले आणि आजीला बाहेर बसवले. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “मी कमी खाल्लं तर पैसे उरतात. पैसे उरले की पप्पा येतील.” थोडे थांबून त्याने मलाच हिशेब विचारला, “शाळा सोडली तर किती उरतील?”

सात वर्षांचा मुलगा. घड्याळातले दीड तास वजा करता येत होते, तशी त्याने ही वजाबाकी केली होती. पप्पा माझ्यासाठी गेले, म्हणजे माझा खर्च आहे म्हणून गेले. मी जितका कमी, तितके पप्पा जवळ. घरात आई, आजी, आत्या सगळ्या त्याला हेच सांगत आल्या होत्या, आणि मी त्यावर डॉक्टरचा शिक्का मारला होता. ज्या मुलाला भूक लागत होती, त्याला मी भुकेचे औषध देत होतो.

त्या दिवसापासून “तुझ्यासाठी” हा शब्द मला नकोसा झाला. बोलणाऱ्याच्या मनात त्यात मायाच असते, पण ऐकणाऱ्या मुलाच्या हाती त्यातून कर्जाचा कागद येतो. बाप नसण्याचे दुःख मूल सोसू शकते, मुले फार चिवट असतात. पण बाप आपल्यामुळे नाही हे ओझे निराळे आहे. त्याला रागही धरता येत नाही, कारण जो आपल्यासाठी उन्हात राबतो त्याच्यावर राग कसा धरायचा? मग तो राग मूल स्वतःवर काढते. कुणी जेवण सोडते, कुणी मार्कांच्या मागे लागून स्वतःला पिळून काढते. कुणी उलटे करते. आठवी-नववीत शाळा बुडवते, बापाच्या पैशाची मोटारसायकल घेऊन उधळते, जणू म्हणते, माझ्यासाठी गेलात ना, मग घ्या.

मी त्या मुलाच्या आईला बोलावून घेतले. नवरा खरोखर कशासाठी गेला, ते तिने मला सांगितले. दोन बोअर कोरडे गेले त्याचे कर्ज, नणंदेच्या लग्नाचे कर्ज आणि व्हिसाचे कर्ज. मुलगा जन्मला नसता तरी तो गेला असता. “हे याला सांगा,” मी म्हणालो. ती बिचकली. लेकराला कर्जाचे कशाला सांगायचे? पण तिने सांगितले. कर्जाचा हिशेब ती एका वहीत ठेवत असे, ती वही तिने त्याच्यापुढे उघडली. दर महिन्याला पैसे आले की किती कापायचे ते तो स्वतः लिहू लागला. भूक लगेच परतली असे नाही. दोन-तीन महिने गेले. पुढे एकदा आजी म्हणाली की सायकलीच्या चेनला तेल हवे म्हणून हट्ट करतोय. हट्ट हा शब्द ऐकून मला बरे वाटले.

ही गोष्ट मला इतकी का लागली, याचे कारण माझ्या घरात आहे. आम्ही ओसवाल जैन, मूळ मारवाडचे. आमच्या बोलीत परदेशी व्यापाराला जाण्याला “दिसावर” म्हणतात. माझे आजोबा निजामाच्या राज्यात असे दिसावरला आले. सिकंदराबाद–मनमाड ही छोटी लाइन १९०० च्या सुमारास झाली होती. बासरला उतरून बैलगाडीने भैंसा. कापसाची आडत, थोडी सावकारी. आजी आणि मुले देसात, म्हणजे नागौरकडच्या खेड्यात. आजोबा दोन-तीन वर्षांनी एकदा जायचे. मधल्या काळात जायची ती हुंडी. हालीचे रुपये कलदारात किती झाले, त्याचा हिशेब चिठ्ठीत असायचा, आणि शेवटी “टाबरांना आशीर्वाद”. म्हणजे त्या काळी भैंसा हेच आमचे दुबई होते.

माझे वडील बाराव्या वर्षी इथे आले. स्वतःच्या बापाबरोबर ते तेव्हा पहिल्यांदा सलग महिनाभर राहिले. आजोबा त्यांच्याशी मुनीमाशी बोलावे तसे बोलायचे, वाईट नव्हे, व्यवस्थित. वडिलांनी आयुष्यभर कुणाकडून भेटवस्तू घेतली नाही. दिवाळीला शर्टाचे कापड आणले तरी किंमत विचारायचे, आणि दुसऱ्या दिवशी तेवढे पैसे आईच्या डब्यात टाकायचे. आम्ही हसायचो, कंजूष म्हणायचो. ते कंजूष नव्हते. आपल्यावर खर्च झाला की कुणीतरी दूर जाते, असा धडा त्यांनी लहानपणी घेतला असावा, हे मला त्या सात वर्षांच्या मुलाने शिकवले. तोवर वडील वारले होते.

आमच्यात संवत्सरीच्या दिवशी सगळे एकमेकांची क्षमा मागतात. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. आजोबा फार थकले होते. त्यांनी पलंगावरून वडिलांपुढे हात जोडले आणि “मिच्छामि दुक्कडम्” म्हणाले. वडिलांनीही जोडले. तो सगळ्यांनी सगळ्यांना म्हणायचा शब्द आहे, म्हणून त्यात विशेष काही होते की नव्हते हे मला आजही सांगता येणार नाही. वडील नंतर बराच वेळ दुकानाच्या ओट्यावर जाऊन बसले होते, एवढे आठवते.

दिसावरच्या काळात चिठ्ठी होती. नव्वदच्या आसपास आमच्या गल्लीत आवाज भरलेल्या कॅसेटी यायच्या, मग एसटीडी-आयएसडीचे बूथ आले, आणि आता व्हिडिओ कॉल. संयुक्त अमिरातीत व्हॉट्सॲपचा कॉल चालत नाही, म्हणून इथल्या आज्यांनाही आयमो आणि बोटिम ही नावे पाठ असतात. फोनने अंतर कमी केले हे खरे आहे, पण त्याने काही नवी दुखणीही आणली. तीन वर्षांची एक मुलगी रोज रात्री मोबाइलच्या काचेवर बापाची पापी घ्यायची. बाप चाळीस दिवसांच्या सुटीवर आला, तर ती आजीच्या पदराआड लपली आणि म्हणाली, “हे नाही, मोबाइलमधले पप्पा.” बाप दवाखान्यात येऊन रडला. मी त्याला एवढेच सांगितले की तिला ओढू नका, उचलू नका, तिच्या आसपास बसून आपले काम करा, भाजी निवडा, रेडिओ दुरुस्त करा. बारा दिवसांनी तिने आपणहून त्याच्या हातात खेळणे दिले. चाळीसातले बारा दिवस असे गेले.

दुसरे दुखणे याहून वाईट, आणि त्याविषयी उघड बोलले जात नाही. बाप फोनवर मुलाला विचारतो, “आई कुठं गेली होती? घरी कोण आलं होतं? फोन बिझी का होता?” दूर कॅम्पात एका खोलीत आठ-दहा जण राहतात, कुणीतरी कुणाच्या बायकोविषयी काहीबाही बोलतो, आणि माणसाच्या मनात किडा शिरतो. त्याचा एकाकीपणा मी समजू शकतो. पण नऊ-दहा वर्षांचे पोर त्यामुळे घरातला पहारेकरी होते. खरे सांगितले तर आई मार खाईल, खोटे सांगितले तर बापाशी बेइमानी. अशा एका मुलाचा आवाज बसला होता. घशात काही नव्हते, पण फोन वाजला की आवाज बसायचा. त्याला मी औषध दिले नाही, बापाला फोन लावला. बाप माझ्यावर चिडला, डॉक्टरने आपले काम करावे म्हणाला. बरोबरच होते त्याचे, पण मी ते माझे काम समजलो.

अमेरिकेत पॉलीन बॉस नावाच्या विदुषींनी १९७० च्या दशकात, व्हिएतनामच्या युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला. माणूस गेला म्हणून रडता येत नाही आणि आहे म्हणून निश्चिंत राहता येत नाही, अशा वियोगाला त्यांनी वेगळे नाव दिले. आपण त्याला अधांतरी वियोग म्हणू. आखातातला बाप जिवंत आहे, बोलतो आहे, तरी मुलाच्या दृष्टीने तो काहीसा असाच अधांतरी असतो, विशेषतः परतण्याची तारीख नसेल तेव्हा. २०२४ च्या फेब्रुवारीत सिरसिल्ला जिल्ह्यातले पाच जण अठराएक वर्षांनी दुबईच्या तुरुंगातून सुटून परत आले. अठरा वर्षांत घरची लेकरे केवढी होतात, याचा हिशेब तुम्हीच करा. हे टोकाचे उदाहरण आहे. पण “पुढच्या दिवाळीला येतो” असे चार दिवाळ्या सांगणारे बाप माझ्या केसपेपरांवर पुष्कळ आहेत.

म्हणून तारखेविषयी मी आग्रही असतो. खोटी जवळची तारीख सांगण्यापेक्षा खरी लांबची सांगा. पाच वर्षांच्या मुलाला दोन वर्षे समजत नाहीत, पण दोन दिवाळ्या समजतात, दोनदा कापूस वेचणे समजते. निघताना मूल झोपेत असताना पसार होऊ नका. उठल्यावर रडते म्हणून लोक तसे करतात, आणि मग ते मूल महिनोन्‌महिने झोपायला घाबरते. फोनवर “अभ्यास केलास का” एवढेच विचारणारा बाप मुलाला हेडमास्तर वाटतो. आज काय जेवलो, खोलीत कोण कोण आहे, दुपारी ऊन किती होते, कुणाचे बूट हरवले, हे सांगा. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर भर दुपारचे उघड्यावरचे काम कायद्याने बंद असते, हे एका मुलाला त्याच्या बापाने सांगितले, तर तो उन्हाळाभर दुपारी निवांत झोपू लागला. आणि मूल चिडले, फोनवर यायला तयार झाले नाही, तर त्याला चिडू द्या. बापाला वाईट वाटेल. पण तो मोठा आहे.

आजी-आजोबांकडे कुणी पाहत नाही. साठी-सत्तरीत पुन्हा लेकरे वाढवायची, तीही जबाबदारीच्या धाकात. “त्याचं लेकरू आहे, काही झालं तर काय तोंड दाखवू” म्हणून त्या मुलाला झाडावर चढू देत नाहीत, सुद्दावागूवर पोहायला जाऊ देत नाहीत. नातवाच्या पोटदुखीसाठी आलेल्या कितीतरी आज्यांचा रक्तदाब मी पहिल्यांदा मोजला आहे.

शाळा पुष्कळ करू शकते. महाराष्ट्रात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. तिच्यात उणिवा असतील, पण आई-बाप सहा महिने नसतात हे निदान सरकारी कागदावर तरी आहे. तेलंगणा सरकारने २०२४ साली आखातात मरण पावलेल्या कामगारांच्या कुटुंबांना पाच लाखांची मदत आणि आखाती कामगारांच्या मुलांना गुरुकुल शाळांत प्रवेश, असे निर्णय घेतले. पहिला चांगलाच आहे. दुसऱ्याविषयी माझे मन दुभंगलेले आहे. बाप गेलेल्या मुलाला आईपासूनही काढून वसतिगृहात ठेवायचे, हे शिक्षणासाठी ठीक असेल. लहान मुलांच्या बाबतीत मला भीती वाटते. त्यापेक्षा वर्गशिक्षकाने कोणाचा बाप कधी गेला आणि कधी येणार हे एका कागदावर लिहून ठेवले, आणि त्या आठवड्यात त्या मुलाला उगाच रागावले नाही, तरी पुष्कळ होईल. त्याला सरकारी आदेश लागत नाही. बासरच्या अक्षराभ्यासाला लेकराला मांडीवर घ्यायला बाप नसतो, तेव्हा मामा नाही तर आजोबा बसतात. शाळेतही असे कुणीतरी बसायला हवे.

गेल्या वर्षी तो शारजावाला मुलगा दवाखान्यात आला. सव्वीस वर्षांचा, दाढी राखलेला, कडेवर तीन वर्षांची मुलगी. तिला खोकला होता. औषध बांधून देताना मी सहज विचारले, काय चाललंय. म्हणाला, “पासपोर्ट झाला डॉक्टरसाब. कतारला चाललो. ड्रायव्हरचा व्हिसा आहे.” मी काही बोललो नाही. मला वाटले होते तो जाणार नाही. पण त्याच्या वाट्याला आलेली जमीन तीन एकर, तीही कोरडवाहू, आणि वडिलांच्या हृदयाच्या ऑपरेशनचे कर्ज. मी कोण त्याला अडवणारा?

त्यानेच विचारले, “हिला काय सांगू?”

“तुला ठाऊक आहे,” मी म्हणालो.

तो मुलीकडे वळला. “आजोबांच्या दवाखान्याचं कर्ज आहे ना, ते फेडायला चाललो. तुझ्यामुळं नाही. दोन दिवाळ्या झाल्या की येणार.” तिने काही ऐकले की नाही कोण जाणे, ती माझ्या टेबलावरच्या काचेच्या गोळ्यांच्या बाटल्या मोजत होती. पैसे देऊन तो उठला आणि दाराशी थांबून भिंतीवरच्या घड्याळाकडे त्याने पाहिले. “तिथं अडीच तासांचा फरक आहे,” म्हणाला. “शारजापेक्षा एक तास जास्त.”